ॲबसेंट हा पत्ता नाही

बांधकाम चालू असलेली इमारत दिसली की माझी मान आपोआप वर जाते आणि मी मजले मोजायला लागते. स्लॅब पडला का, प्लास्टर कुठवर आलं, टाइल्सची खोकी उतरली का. नवरा विचारतो, "तुले फ्लॅट घ्याचा आहे का?" कसला फ्लॅट अन् कसलं काय! हा रोग मला आमच्या हेडसरांनी लावला. माणूस रिटायर झाला आणि रोग माझ्याकडे ठेवून गेला.

आमची शाळा शहराच्या कडेला, हुडकेश्वरच्या टोकाला आहे. म्हणजे मी लागले तेव्हा टोकाला होती. आता ते टोक दरवर्षी पुढे सरकतं. काल जिथे तूर उभी होती तिथे आज प्लॉट पाडून लेआउटचा बोर्ड. सरकारी शाळा, आठवीपर्यंत, आणि निम्मे पोट्टे साइटवरचे. बाप सेंट्रिंगला, आई विटा-रेती उचलायला, आणि राहायला त्याच इमारतीच्या पायथ्याशी टिनाचं शेड. इमारत उभी होते तोवर पोरं शाळेत. ती पुरी झाली की मुकादम सांगेल तिकडे बिऱ्हाड चाललं, कधी उमरेड रोडवर, कधी मौद्याला. शाळेत सांगायला कोण येतं?

सरांनी यावर स्वतःचा उपाय काढला होता. ऑफिसच्या भिंतीवर त्यांनी आजूबाजूच्या लेआउटचा हातानं काढलेला मोठा नकाशा लावला होता. प्रत्येक इमारतीच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलेलं: दुसरा स्लॅब, प्लास्टर, टाइल्स, रंग. आणि शेजारी त्या साइटवरच्या पोरांची नावं. टाइल्स लागल्या की सरांचा जीव थाऱ्यावर नसायचा. "मॅडम, पाण्याच्या टाकीमागं टाइल उतरली. महिन्याभरात आपले पाच पोट्टे जाते." मग ते शेडवर जाऊन उभे. पुढचं काम कुठी आहे गा, मुकादम कोण, त्याचा नंबर दे, आणि हा दाखला घेऊन जा, हरवू नको. एकदा एक साहेब तपासणीला आले आणि नकाशा बघून हसले. "सर, प्लॉटचा धंदा बी करता का बाजूनं?"

"नाई साहेब, हा माझा गळतीचा तक्ता आहे."

साहेबांनी चहा अर्धाच ठेवला.

या माणसाला मी नऊ वर्षांत खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. हेडमास्तरांची खुर्ची होती, तिच्यावर खडूचे डबे आणि फुटबॉल. जेवायचेसुद्धा व्हरांड्यात फिरत, पोळीची गुंडाळी करून. इकडून तिकडे, तिकडून इकडे, खिशात किल्ल्यांचा जुडगा वाजतोय. मला नवीन असताना वाटलं होतं, मूळव्याध असेल बिचाऱ्यांना. तसं मी स्टाफरूममध्ये बोललेही, आणि ते त्यांच्या कानावर गेलंही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, मी ठणठणीत आहो. बसलो का मले वाटते, कोणतरी गेटातून निघून चाललं." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आणि परिपाठ! बाप्पा, तो परिपाठ. जगभर हजेरी घेतात ती आलेल्यांची. आमच्याकडे न आलेल्यांची व्हायची. प्रार्थना-प्रतिज्ञा झाली की सर लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही काढायचे. आलेल्याचं काय नाव घ्याचं, तो त दिसूनच राहिला, असं त्यांचं म्हणणं.

"नंदिनी, पाचवी. कोण सांगतं?"

एक हात वर. "सर, तिच्या मायले ताप आहे. ती स्वयंपाक करून राहिली."

सर लिहून घ्यायचे.

"करण, तिसरी. कोण सांगतं?"

"सर, तो झाडावर आहे."

"कोणत्या झाडावर?"

"गेटासमोरच्या."

सगळी शाळा वळून बघायची, आणि तो खरोखर झाडावर असायचा.

यात वीस मिनिटं जायची आणि पहिला तास माझा गणिताचा. मी धुमसायची. आम्ही आपले हजेरीपटावर 'गै' लिहून मोकळे होणारे लोक. सर मागून यायचे, 'गै'वर बोट ठेवायचे. "हे कुठी आहे?"

"ॲबसेंट आहे, सर."

"ॲबसेंट हा पत्ता नाई, मॅडम."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की घरी पोरानं पायमोजा सापडत नाही म्हटलं तरी तोंडात तेच यायचं.

परिपाठात सगळ्यात जास्त हात वर जायचा तो रोशनीचा. सहावीतली, काडीसारखी, तोंडानं फटकळ, पाढ्यांत पक्की. कोणत्या शेडमध्ये कोण भांडलं, कोणाची आजी आली, कोण बापासोबत बाजाराला गेलं, हिला सगळं ठाऊक. आम्ही तिला सरांची सीआयडी म्हणायचो. पण सीआयडी स्वतः आठवड्यातून तीनच दिवस यायची. उरलेले तीन दिवस धाकट्या भावाला सांभाळायची पाळी, कारण आई वरच्या मजल्यावर विटा नेणार आणि रांगतं पोर खाली सळयांमध्ये.

एकदा वरच्या ऑफिसात सगळ्या शाळांची बैठक होती. मी सरांसोबत होते, कारण ऑनलाइनची कामं माझ्याच डोक्यावर मारलेली. साहेब एकेका शाळेचं नाव घेत होते आणि मुख्याध्यापक उठून सांगत होते: गळती शून्य. शून्य. शून्य. आमची पाळी आली. सर तर उभेच होते.

"दीड," सर म्हणाले.

हॉलमध्ये हशा. साहेबांनी चष्मा काढला. "सर, पोरगं अर्धं कसं गळते?"

"साहेब, एक पूर्ण गेलं, त्याचा पत्ता लागला नाई. अन् एक पोरगी हप्त्यातून तीन दिवस येते, तीन दिवस येत नाई. ते अर्धं. तुमच्या फॉर्मात दशांश चिन्ह लागत नाई का?"

"नाही लागत."

"मंग लावून घ्या. त्याशिवाय खरं कसं कळंन?"

लोक हसत होते आणि मी बॅगेत तोंड घालून बसले होते. परतताना मी सरांना म्हणालेसुद्धा, "कशाला सर, खालीपिली डोळ्यांवर येता?" ते म्हणाले, "सगळ्यांचं शून्य आहे त मंग चौकातल्या सिग्नलवर पेन विकून राहिले ते पोट्टे कोणाचे?" मी रस्त्याकडेला भज्यांची टपरी शोधत होते. मला भूक लागली होती.

मग सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दिवाळीनंतर दोन महिने रजा. प्रभार माझ्याकडे. जाताना सरांनी नकाशाकडे बोट केलं, "रोज पाहत जा." मी हो म्हटलं.

नाही पाहिलं मी. सांगून टाकते. पोषण आहार, शिष्यवृत्तीचे फॉर्म, दोन शिक्षक निवडणुकीच्या कामाला, कुठे नकाशा बघत बसता? रोशनीच्या साइटला टाइल्स लागल्या, रंग लागला, गृहप्रवेशाचं तोरणही लागलं असेल. मला कळलं तेव्हा ती शेवटची शाळेत आली त्याला तीन आठवडे झाले होते आणि शेडच्या जागी गाड्या उभ्या करायचे पट्टे आखलेले होते. वॉचमन म्हणाला, मौद्याकडे गेले बहुतेक.

त्याच आठवड्यात वरून फोन आला. "मॅडम, तुमची शाळा ऑनलाइन लाल दिसून राहिली. एक पोरगी पेंडिंग आहे."

"साहेब, ते लोक गेले."

"कुठी गेले?"

"मौद्याकडे म्हणतात."

"मंग स्थलांतरित टाका ना. गळती काहून दाखवता? उद्या यादी बंद होऊन राहिली."

आता यातली गंमत ऐका. पोरानं शाळा सोडली आणि ते दुसऱ्या कोणत्याच शाळेत गेलं नाही, तर ती गळती. दुसऱ्या शाळेत गेलं, तर ते स्थलांतर. ते गळतीत धरत नाहीत. ठीकच आहे. पण पोर त्या दुसऱ्या शाळेत पोचलं का, हे विचारणारा रकानाच त्या फॉर्मात नव्हता. आपण म्हणायचं गेलं, की गेलं. मी 'स्थलांतरित'वर टिचकी मारली. लाल होतं ते हिरवं झालं. खोटं कशाला बोलू, मला फार हायसं वाटलं. पंधरा दिवसांनी 'शून्य गळतीची शाळा' म्हणून छापील पत्रही आलं, वर गोल शिक्का. मी ते भिंतीवर लावलं. मोकळी जागा नव्हती, म्हणून नकाशावरच लावलं.

सर परत आले ते काळा चष्मा लावून. ऑफिसात गेले, पत्र वाचलं, टाचण्या काढल्या, पत्राची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. "हे तुमचं आहे." बस. पुढे परिपाठ.

"रोशनी, सहावी. कोण सांगतं?"

एकही हात वर नाही. वर जाणारा हात तिचाच असायचा ना.

मी पुढे होऊन म्हणाले, "सर, ती स्थलांतरित झाली."

"कुठी?"

"मौद्याला."

"मौद्याले कोणती शाळा? वर्गशिक्षक कोण? कोणत्या बाकावर बसून राहिली?"

दीडशे पोरांसमोर! मी खाली मान घालून म्हणाले, "माहीत नाही, सर."

"लिहितो मी. माहीत नाई."

मला वाटलं, झालं. कसलं होतंय! दुसऱ्या दिवशी पुन्हा. "रोशनी, सहावी. कोण सांगतं?" हात नाहीच. मग सर माझ्याकडे बघणार, आणि मी सगळ्यांदेखत म्हणणार, माहीत नाही सर. रोज. आठ दिवस. पोरं माझ्याकडे बघायची ना, ती नजर मला गणिताच्या तासालाही पुरायची. राग म्हणजे काय राग आला होता मला त्या माणसाचा! नवव्या दिवशी मी ऑफिसात गेले आणि दार लोटून घेतलं.

"सर, हे बंद करा. मी काय तिला हाकललं का? तुम्ही रजेवर होते. फोन मला येत होते. सगळ्याच शाळा असं टाकतात. मी एकटीच काय चोर?"

सर खिडकीजवळ उभे होते. किल्ल्या वाजायच्या थांबल्या. "चोर काहून म्हणीन मी तुम्हाले? पण एक सांगा. तुम्ही तिथी एक लिहिलं असतं त काय झालं असतं?"

"खुलासा मागितला असता."

"बरोबर. कोणीतरी विचारलं असतं, कोण आहे हे एक? कुठी गेलं? शोधा म्हटलं असतं. आता शून्य आहे. शून्याले कोणी शोधाले जात नाई, मॅडम. आता तिले शोधनारं जगात कोणी राहिलं नाई. तुम्ही अन् मी सोडून."

मी रडले. रागानं रडले, पण रडले. मग नाक पुसून विचारलं, "रविवारी निघायचं का?"

सरांना गाडी चालवायला डॉक्टरांची मनाई. मी चालवायची, ते मागे, आणि तोंडानं गाडी तेच चालवायचे. "डावीकडं घ्या. तो स्लॅब पाहा, ताजा आहे, सेंट्रिंगवाले असतीन तिथी." दोन रविवार रिकामे गेले. तिसऱ्या रविवारी आम्ही मौद्याला, वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात त्या बाजूला, एका कामगार वसाहतीच्या साइटवर पोचलो. वॉचमनला नाव सांगताच ओळखलं त्यानं. "ते बडबडी पोट्टी? आठ दिवस झाले, गेले ते लोक."

"शाळेत जात होती का गा ती इथी?" सरांनी विचारलं.

"माय घेऊन गेली होती न एक दिवस. मास्तर म्हणे दाखला आणा, नाई त नाव कसं चढवू. आता दाखला कुठून आणते ते बाई? मंग पोट्टी इथीच खेळे दिवसभर, लहान्या लेकराईले घेऊन."

दाखला. मी बटण दाबलं होतं, पण दाखला कोणाच्या हातात दिला नव्हता. माझ्या संगणकावर ती हिरवी होती आणि इथे शाळेच्या दारातून परत फिरली होती.

परतीला रस्त्यावरच्या टपरीवर चहा घेतला. सर उभ्यानंच घेत होते. एकदम म्हणाले, "माझा बाप दीक्षाभूमीवरून परत आला तेव्हा कबूल करून आला होता, घरातलं एक बी लेकरू शाळेबाहेर राहनार नाई. मी नोकरीले लागलो ते आमच्याच गावच्या शाळेत. एक दिवस जुनं रजिस्टर काढलं. मोठ्या बहिणीचं नाव, तिसरी, त्यावर लाल रेघ. कारण: सतत गैरहजर." कप ठेवला. "ती घरी मले कडेवर घेऊन फिरत होती, मॅडम. मी दीड वर्षाचा होतो. एवढं बी लिहिलं नाई कोणी."

मी गाडीची किल्ली उगाच फिरवत राहिले.

त्या आठवड्यात सरांनी वर पत्र पाठवलं: आमच्या शाळेची गळती शून्य नसून एक आहे, दुरुस्ती व्हावी. उत्तर आलं की यादी बंद झाली आहे आणि चुकीच्या माहितीबद्दल खुलासा द्यावा. खुलाशात सरांनी माझं नाव घेतलं नाही. लिहिलं, शाळाप्रमुख या नात्यानं चूक माझी. नोकरीचे सहा महिने राहिले होते आणि या माणसानं स्वतःच्या फाइलला डाग लावून घेतला. मी म्हटलं, सर, मी लिहिते खुलासा. म्हणाले, "तुम्हाले अजून वीस वर्षं काढाची आहे."

निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांना फुलं लावलेल्या खुर्चीवर बळंच बसवलं. शाल अंगावर पडायच्या आत उभे राहिले. सगळे हसले. मग मला बाजूला बोलावून लाल वही दिली. "रोशनीचं नाव रोज घ्याचं."

रोज घेतलं. चेष्टा झाली माझी. स्टाफरूममध्ये मला ज्युनिअर सर म्हणायला लागले. रोज सकाळी "रोशनी. कोण सांगतं?" आणि रोज मीच लिहायची, माहीत नाही. कधी वाटायचं, बंद करावं हे नाटक. पण जीभ थांबायची नाही. नवीन पोरं आली, ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटत असेल, हा प्रार्थनेचाच भाग आहे.

रोशनीला जाऊन वर्ष होऊन गेलं. यंदा दिवाळीनंतर दुसरीत एक नवीन पोरगी आली, जानकी. साइटवरचीच. तिसऱ्याच दिवशी परिपाठात मी नाव घेतलं आणि वही मिटायला लागले, तर रांगेतून एक इवलासा हात वर.

"मॅडम, मी सांगते."

मिटत आलेली वही मी पुन्हा उघडली. "तुले माहीत आहे, रोशनी कोण ते?"

"हो न. रोशनीताई. आम्ही एकाच शेडात राहो. ती आम्हाले रोज रांगेत उभं करे अन् इचारे, कोण नाई आलं, कोण सांगतं. तिनंच माह्या मायले सांगतलं, हुडकेश्वरले गेल्या त त्याच शाळेत टाकजा, तिथी न येनाऱ्याचं बी नाव घेते."

मी तिच्याकडून ठिकाण विचारून घेतलं आणि तिथल्या तिथे, पोरांसमोर, सरांना फोन लावला. परिपाठाचे नियम गेले खड्ड्यात.

"सर, पत्ता आहे! उमरेड रोड, खाणीच्या अलीकडे मंगल कार्यालयाचं काम चालू आहे, तिथे. दुसराच स्लॅब पडलाय, सर."

पलीकडे किल्ल्या वाजल्या. रिटायर झाल्यावर कशाच्या किल्ल्या, देव जाणे. "दुसराच आहे त टाइम आहे. पण फोनवर काहून बोलून राहिल्या? निघा न."

बापाला कबूल करायला तीन फेऱ्या लागल्या. शेवटी रोशनी हुडकेश्वरला नुकत्याच आलेल्या तिच्या आत्याकडे राहायला आली. तर लिहून ठेवते, सर विचारतीलच: शाळा आमचीच, सातवी. वर्गशिक्षिका मी. खिडकीकडचा तिसरा बाक. आणि आत्याचं बाळ लहान आहे, म्हणून हप्त्यातून तीन दिवस येते.

परवा वरून फोन होता. नवे साहेब आहेत, आवाज गोड. "मॅडम, ती जुनी पोरगी त वापस आली न तुमची? मंग गळती एक काहून दाखवून राहिल्या?"

"कारण अर्धं लिहिता येत नाही, साहेब. तुमच्या फॉर्मात दशांश चिन्ह लागत नाही."

"म्हणजे? मी समजलो नाई."

"या एकदा शाळेत, समजावून सांगते," मी म्हटलं. "तोवर एक राहू द्या."